विषय : माझ्या ताटाचे श्रेय

प्रति,
समस्त श्रेयेच्छुक महोदय व महोदया,
मु. पो. दिल्ली, मुंबई आणि मधले सर्व फ्लेक्स.

स. न. वि. वि.

आम्ही काय खावं याची काळजी सरकार हल्ली इतक्या आस्थेनं वाहतं, की आभार मानावेत असं मनापासून वाटलं. पण नेमके कोणाचे मानायचे, इथे घोडं अडलं. म्हणून हे पत्र.

भरडधान्यांपासून सुरुवात करतो, कारण दावेदारांची रांग तिथेच सर्वांत लांब आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. प्रस्ताव भारताचा, पाठिंबा ७२ देशांचा. त्याच वर्षी अर्थसंकल्पात आमच्या ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' ही पदवी बहाल झाली. विरोधी बाकांवरचे लगेच म्हणतील, २०११-१२ च्या अर्थसंकल्पात भरडधान्यांसाठी ३०० कोटी आम्हीच ठेवले होते. मान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो, गहू दोन आणि तांदूळ तीन, हेही आपलंच. कायद्यातली ही ज्वारी मागायला रेशन दुकानात गेलं की दुकानदार बहुतेक वेळा गव्हा-तांदळाच्या पोत्यांकडे बोट दाखवायचा, ही बारीक गोष्ट सोडून देऊ. विचारायचं एवढंच आहे : परातीत पीठ मळून, पाण्याचा हात फिरवत, पापुद्रा सुटेपर्यंत भाकरी तव्यावर सांभाळणारी सोलापूरकडची बाई या यादीत कितव्या क्रमांकावर आहे? भाव पडला म्हणून शेतात ऊस आला, सोयाबीन आलं, तरी घरापुरती ज्वारी तिनं सोडली नाही. तिचा फोटो मात्र कुठल्या मिलेट महोत्सवाच्या कमानीवर दिसला नाही. जागा भरली असावी.

याउलट काही पोरं बेवारस फिरताहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं ८ मे २०२४ ला भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे, असं त्यात सांगितलंय. साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात. म्हणजे टपरीवरचा चहा आणि सोबत क्रीमची बिस्किटं घेणाऱ्याचा कोटा दुपारीच संपला. पण मुहूर्त चुकला. ऐन लोकसभा निवडणुकीत, आचारसंहितेच्या दिवसांत कोण मंत्री फोटो काढून घेणार? संस्थेला याची सवय असावी. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या संशोधनापासून तिची सुरुवात झाली, तिथल्या माणसांनी आपलं अन्न तोलून, तपासून तक्ते केले. तक्त्याला हार घालायची पद्धत आपल्याकडे नाही.

तेलाचं श्रेय वाटून घ्यावं, ही विनंती. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मधून पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी वापरा म्हणून सांगितलं. आम्ही फोडणीत हात आखडला. मेअखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं. दोन्हीकडे दहाच! घरात कमी आणि बंदरात स्वस्त, असा दुहेरी लाभ आजवर कोणत्याही आहारतज्ज्ञाला सुचला नव्हता.

मग जूनमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याचं पत्र निघालं. कार्यालयांत, उपाहारगृहांत तेल-साखरेचे फलक लावा, सरकारी पाकिटांवर, लेटरहेडवर आरोग्यसंदेश छापा. उत्तम सूचना. पण नागपूरच्या समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, अशी आवई उठली आणि जुलैत खुलासा करावा लागला : विक्रेत्यांच्या मालावर लेबल लावा असं आम्ही म्हटलेलंच नाही, देशी खाण्यावर रोखही नाही. इतकी चांगली कल्पना आणि बाप म्हणवून घ्यायला कोणी पुढे येईना! तर्रीपोह्यावरचा लाल तवंग सुटकेचा नि:श्वास टाकून जागच्या जागी राहिला.

पाकिटबंद मालाचं तर विचारूच नका. त्या १७ सूत्रांतलं शेवटचं सूत्र सांगतं, लेबल वाचून खा. ते लेबल पाकिटाच्या दर्शनी भागावर कसं असावं, याचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यात धोक्याच्या इशाऱ्याऐवजी तारे होते, अर्ध्यापासून पाचापर्यंत. म्हणजे चिप्सच्या वाईटात वाईट पुडीलाही अर्धा तारा नक्की. पुढे हरकती आल्या, समित्या बसल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ती संपल्यावर मुदतवाढ. या विलंबाचं श्रेय घ्यायला मात्र बिस्किटवाले, चिप्सवाले, शीतपेयवाले कोणीच हात वर करत नाहीत. किती हा विनय.

शेवटचा मुद्दा अंड्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शाळांत आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. जाहिरात जोरात झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला : अंड्याला आणि नाचणी सत्त्वाच्या साखरेला सरकारी पैसा नाही, हवं तर लोकसहभागातून करा. (नाचणी म्हणजे तेच श्रीअन्न, पदवी सरकारची, साखर गावची.) आता मास्तर वही घेऊन वर्गणी मागत फिरणार असतील, तर त्या वहीत आपण सर्व श्रेयेच्छुकांनी पहिली नावं घालावीत. रोख नको. आपल्या प्रत्येक फ्लेक्सची पावती पाठवा. तेवढ्या पैशात किती अंडी येतात, हे गणित चौथीच्या वर्गाला सोडवायला देता येईल.

कळावे,
आपला,
एक लाभार्थी