तेलही गेले, तूपही गेले: नव्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
खाद्यतेलाच्या आजारी कंपन्यांची आजी, माजी व भावी ‘नवी व्यवस्थापने’
स्थळ: बालाजी घाट, वाराणसी
विषय: लहान भागधारकाच्या आशेबाबत

लहान भागधारक हा कंपनीचा मालक असतो. वार्षिक सभेत त्याला तसे सांगितले जाते, चहाबरोबर बिस्किटेही मिळतात, आणि कंपनी बुडाली की देणी भागवण्याच्या रांगेत त्याला शेवटची जागा मिळते. नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 53 मध्ये ही रांग लिहून ठेवलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची दोन वर्षांची थकबाकी आणि तारण घेतलेले धनको, त्यामागे इतर कर्मचारी, बिनतारण कर्ज देणारे, सरकारी देणी, उरलीसुरली कर्जे, प्राधान्य भागधारक, आणि सगळे जेवून उठल्यावर साधा समभागधारक. कायद्याने यात काही लपवलेले नाही. तरीही कंपनी लिलावात निघाल्याची बातमी आली की सर्वांत आधी उत्साह याच शेवटच्या माणसाला येतो, कारण बातमीच्या दुसऱ्या ओळीत ‘नवे व्यवस्थापन’ हे शब्द असतात.

खाद्यतेलाचा धंदा या उत्साहाला विशेष पोषक आहे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते, त्याचा भाव क्वालालंपूरच्या वायदेबाजारात ठरतो, आणि जहाज वाटेत असताना रुपया घसरू शकतो किंवा दिल्लीत आयात शुल्क बदलू शकते. उलाढाल हजारो कोटींची, माल बहुतेक उधारीवरचा, आणि नफा इतका पातळ की एका चुकीच्या सौद्यात वर्षाची कमाई वाहून जाते. बाहेरून मात्र यातले काही दिसत नाही. तेल रोज प्रत्येक घरात लागते, मग तेलाची कंपनी बुडेल कशी, हा भागधारकाचा प्रश्न. त्याच्या दृष्टीने दोष धंद्यात नसतोच, तो चालवणाऱ्यात असतो. चालवणारा बदलला की झाले.

पत्रावर बालाजी घाटाचा पत्ता असण्याला कारण आहे. पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा या घाटांच्या शेजारचा हा घाट पेशवाईच्या काळातला आणि आसपासची वस्ती जुन्या मराठी घराण्यांची. येथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. मराठी माणसाने काशीत दगडात जो पैसा घातला त्यावर पुण्याखेरीज लाभांश कोणी मागितला नव्हता. ती गुंतवणूक अजून उभी आहे. याच शहराने शेअर बाजारालाही एक कंपनी दिली. 1989 मध्ये ‘झुनझुनवाला वनस्पती’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे जेव्हीएल ॲग्रो इंडस्ट्रीज झालेली ही कंपनी वनस्पती तूप आणि तेल बनवी. 2018 मध्ये ती नादारीच्या प्रक्रियेत गेली. त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार निराकरण व्यावसायिकाकडे गेले, म्हणजे काटेकोर अर्थाने व्यवस्थापन नवे झालेच. पण कंपनी पुन्हा उभी करणारा धनी मिळाला नाही आणि प्रकरण विसर्जनापर्यंत गेले.

काशीत देह ठेवणाऱ्याला मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे. डिमॅट खात्यातल्या समभागाला ती सोय नाही. व्यवहार थांबलेला समभाग खात्यात तसाच दिसत राहतो. विकता येत नाही आणि विक्री नाही म्हणून तोटा दाखवून करात वजावट मिळवणेही कठीण. अर्थात ज्याचा भावच निघत नाही त्याचा भाव पडतही नाही, हे समाधान उरते.

आता ज्या उदाहरणावर देशभरच्या आशा पोसल्या जातात ते पाहू. इंदूरची रुची सोया, न्यूट्रेला आणि महाकोश या नावांनी घराघरांत पोहोचलेली कंपनी, डिसेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाच्या आदेशाने नादारीत गेली. वित्तीय धनकोंचे दावे नऊ हजार कोटी रुपयांच्या वर होते. सर्वांत मोठी बोली लावलेल्या अदानी विल्मरने काढता पाय घेतल्यावर पतंजलीची 4,350 कोटींची योजना 2019 मध्ये मंजूर झाली. त्यातले सुमारे 3,200 कोटी सरकारी बँकांच्या समूहाने कर्जाऊ दिले. जुन्या कर्जात मोठी सूट सोसायची आणि नव्या धन्याला खरेदीसाठी नवे कर्ज द्यायचे, ही बँकांची आशा लहान भागधारकाच्या आशेहूनही मोठी म्हणावी लागेल. त्यांच्या आशेला मात्र तारण होते.

भागधारकाच्या वाट्याला काय आले? शंभर समभागांचा एक समभाग. ज्याच्याकडे हजार होते त्याच्याकडे दहा राहिले. नव्या प्रवर्तकांकडे सुमारे 99 टक्के भांडवल गेले आणि जनतेकडे जेमतेम एक टक्का उरला. 27 जानेवारी 2020 रोजी हा समभाग सोळा-सतरा रुपयांच्या आसपास पुन्हा बाजारात आला आणि मग त्याला रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाच्या भाववाढीची कमाल मर्यादा, लागू लागले. करोनाच्या टाळेबंदीत देशाचा व्यवहार थंडावला असताना हा भाव मात्र चढत राहिला आणि जूनअखेर 1,500 रुपयांवर गेला. या भावाने कंपनीचे बाजारमूल्य सुमारे 44 हजार कोटी होत होते. सहा महिन्यांपूर्वी तीच कंपनी 4,350 कोटींना घेतलेली होती.

या चमत्काराचे स्पष्टीकरण सोपे आहे आणि म्हणूनच ते कोणाला नको असते. विकायला समभागच नव्हते. अप्पर सर्किटमध्ये घेणाऱ्यांची रांग असते, देणारा नसतो. थोडक्या समभागांच्या सौद्यावर उरलेल्या 99 टक्क्यांचीही किंमत ठरत जाते. ज्याच्या दहाचे खरोखर पंधरा हजार झाले त्याला ते करण्यासाठी जूनपर्यंत हात आवरावा लागला असता. फेब्रुवारीत भाव दुप्पट झाल्यावर विकून मोकळ्या झालेल्याला नंतर घरात फारसे कोणी विचारत नाही. आणि ज्यांना एकही समभाग मिळाला नाही त्यांनीच या कथेचा सर्वाधिक प्रचार केला. तेव्हापासून दिवाळखोरीतल्या प्रत्येक दोन-तीन रुपयांच्या समभागाला ‘पुढची रुची सोया’ असे टोपणनाव मिळते आणि माणसे ‘ॲव्हरेज करतात’, म्हणजे पडत्या भावात आणखी घेतात.

बाजाराची नियामक असलेल्या सेबीने मात्र धडा घेतला. नादारीतून बाहेर येऊन पुन्हा नोंदणी होणाऱ्या कंपनीत जनतेचा वाटा पहिल्या दिवशीच किमान 5 टक्के असावा, वर्षभरात 10 आणि तीन वर्षांत 25 व्हावा, असे ठरले. रुची सोयालाही तो 25 टक्क्यांकडे नेणे भाग होते. त्यासाठी मार्च 2022 मध्ये 4,300 कोटींची समभागविक्री आली. भाव 615 ते 650 रुपये, किमान 21 समभाग. ही गुंतवणुकीची चांगली संधी असल्याचे अनाहूत संदेश लोकांच्या मोबाईलवर फिरले. ते आपण पाठवले नाहीत असे कंपनीने सांगितले, आणि सेबीने अर्ज मागे घेण्याची खास मुभा द्यायला लावली. जूनमध्ये कंपनीचे नाव पतंजली फूड्स झाले. धंदा टिकला, कामगार टिकले, नव्या मालकाचे भले झाले. नवे व्यवस्थापन कंपनीला तारू शकते, याबद्दल शंका नाही. तारलेल्या कंपनीत जुना भागधारक असेलच असे नाही, इतकेच.

जुना भागधारक नसण्याचे उदाहरण तेलाबाहेरचे आहे. डीएचएफएल ही मुंबईची गृहकर्ज कंपनी 2021 मध्ये पिरामल समूहाकडे गेली. योजनेत समभागांची किंमत शून्य धरलेली होती आणि हे उघड झाल्यावरही जूनमध्ये व्यवहार थांबेपर्यंत लोक समभाग दहा रुपयांहून जास्त भावाने घेत होते.

तरी लहान भागधारकाच्या मागण्या माफक आहेत. निराकरण योजनेतला त्याच्याविषयीचा परिच्छेद पहिल्या पानावर छापावा, तो फार तर दोन ओळींचा असतो. ‘भागधारकांचे हित जपले जाईल’ असे सांगताना कोणते भागधारक, जुने की नवे, हे लिहावे. समभाग शून्य करायचे असतील तर ते बोली उघडताच जाहीर करावे, म्हणजे त्याला ॲव्हरेज करण्याचा खर्च वाचेल. आणि नव्या व्यवस्थापनाने पत्रकार परिषदेत ‘टर्नअराउंड’ हा शब्द जपून वापरावा. तो ऐकून बनारसच्या गल्लीत किंवा लातूरच्या अडतीवर कोणीतरी आणखी शंभर समभाग घेतो.

कळावे. लोभ आहेच.

लहान भागधारक
(कलम 53 प्रमाणे, रांगेच्या शेवटी)