नेव्हीचा माल

लोणावळ्यात कुणी ‘नेव्हीचा माल आहे’ म्हटलं की अण्णांचा हात आधी खिशाकडे जातो. समोर काय आहे, ते नंतर बघतात.

अण्णांचं खरं नाव इथं नको. गाव त्यांना ‘पाणबुडे’ म्हणतं, आणि ते इतकं रुळलंय की परवा नवा पोस्टमनही ‘पाणबुडे कुठं राहतात’ असंच विचारत होता. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर्स सांभाळून ते वळवणला राहायला आले. निवृत्त माणसं इथं येऊन गुलाब लावतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. अण्णांनी समुद्रात बुडी मारायची जुनी उपकरणं जमवायला घेतली. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर, घाटमाथ्यावर. त्यांना पोहता येत नाही, हा तपशील वहिनी प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देतात.

तसा सगळाच दोष अण्णांचा नाही. गावाच्या उशाशी आयएनएस शिवाजी आहे. गलबत आणायचं तर बोरघाट चढवून आणावं लागेल अशा जागी १५ फेब्रुवारी १९४५ पासून नौदल बसलंय. तिथं जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण मिळतं. बुडी मारायला शिकवणारी शाळा आहे कोचीला. पण हे भंगारवाल्याला सांगून उपयोग नाही, आणि अण्णांना सांगवत नाही. त्यामुळं मावळात एखादा जुना बंगला पाडताना निघालेल्या ज्या वस्तूला नळी आहे आणि जिचा उपयोग कुणाला कळत नाही, ती नेव्हीची ठरते. एकदा त्यांनी अशीच पाठीवर बांधायची पितळी टाकी आणली. चार दिवस चिंच लावून घासल्यावर कळलं, द्राक्षबागेत औषध मारायचा पंप होता.

अण्णांना घासाघीस येते, पण उलट्या दिशेनं. कामशेतच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना दोन नळ्यांचा जुना फ्रेंच रेग्युलेटर दिसला, तेव्हा मी बरोबर होतो. मधे पितळेचा गोल डबा, दोन्ही बाजूंनी हत्तीच्या सोंडेसारख्या रबरी नळ्या. एका नळीतून श्वास घ्यायचा, दुसरीतून सोडायचा. भंगारवाला तो वजनकाट्यावर टाकून पितळेच्या भावानं चारशे सांगणार होता. तोंड उघडलंही होतं त्यानं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “थांबा, आधी हे काय आहे ते ऐका.”

मग १९४२ सालापासून सुरुवात झाली. फ्रान्समध्ये युद्धामुळं पेट्रोल मिळेना, लोक मोटारी गॅसवर चालवायला लागले. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप एमिल गान्यां या इंजिनिअरनं तयार केली होती. कूस्तो नावाचा नौदल अधिकारी त्याच्याकडे गेला आणि विचारलं, माणसाला लागेल तेवढीच हवा अशी सोडता येईल का? त्यातून हे यंत्र जन्मलं. त्याआधी पाणबुड्याला बहुधा वरून पंपानं हवा मारावी लागे, आता माणूस स्वतःची हवा पाठीवर घेऊन सुटा झाला. पुढं याच कूस्तोच्या समुद्रावरच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं. भंगारवाल्यानं दुकानातल्या पोराला चहा सांगितला, स्टूल पुढं केलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साडेचार हजार.”

वर येताना अण्णा खुशीत होते. “माणूस जाणकार आहे,” म्हणाले. “किंमत बरोबर ओळखली त्यानं.”

घरी ‘रेग्युलेटर आणलाय’ म्हटल्यावर वहिनींनी आतूनच विचारलं, “गॅसचा की पंख्याचा?” नळ्या वाकवून बघितल्या तेव्हा रबर पापडासारखं तडकलं. अण्णा डगमगले नाहीत. मूळ कल्पना मोटारीची, तेव्हा दुरुस्ती गॅरेजातच, हा त्यांचा हिशेब. गॅरेजवाल्यानं रेडिएटरची नळी बसवून दिली. हवेला ग्रीसचा वास येतो, एवढंच.

पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरचं प्रकरण मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. लोक त्याला ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात आणि अण्णा दरवेळी दुरुस्ती करतात, “साधी हवा असते हो, आपलीच, दाबून भरलेली.” हे खरं आहे. पण ती दोनशे बारपर्यंत दाबतात, म्हणजे मोटारच्या चाकात असते त्याच्या जवळजवळ शंभरपट. ते घेऊन अण्णा हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्यानं नळी लावायच्या आधी सिलिंडरवरच्या खोदीव तारखेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, हे माझ्यापेक्षा मोठं आहे. मी हात लावणार नाही.” अण्णांच्या संपूर्ण संग्रहाबद्दल कुणी काढलेले सर्वांत शहाणे उद्गार ते हेच. जुन्या सिलिंडरची ठरावीक वर्षांनी चाचणी करावी लागते, आणि त्याच्या परवानग्यांचं मुख्य कार्यालय आहे नागपूरला, समुद्रापासून आणखीच लांब. चाचणीत सिलिंडर पाण्यात ठेवून आतही पाणीच भरतात आणि दाब देतात, कारण हवा भरून फुटलं तर ते बॉम्बसारखं फुटेल. अण्णांनी ती करून आणली. सिलिंडर नापास झालं. तरी त्यांच्या घरातली पाण्यात गेलेली ती एकमेव वस्तू, त्यामुळं तिला दिवाणखान्यात मानाची जागा आहे.

सिलिंडरच्या डोक्यावरचा खटका ते पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. पूर्वी हवा किती उरली हे दाखवणारा काटा नसे. श्वास जड व्हायला लागला की पाठीमागची सळई ओढायची, शेवटची थोडी हवा सुटायची, तेवढ्यात वर यायचं. “म्हणजे स्कूटरचा रिझर्व्ह,” असं कुणी म्हटलं की अण्णांचा चेहरा उजळतो. वहिनी म्हणतात, “आमच्या पेन्शनचाही असाच आहे, भावजी. दहा तारखेलाच ओढावा लागतो.”

पुण्याच्या जुन्या बाजारातून पाणबुड्याचं तांब्या-पितळेचं शिरस्त्राण आणलं, तो दिवस वेगळा. असली टोपणं मुरादाबादला शोभेसाठी ढिगानं तयार होतात, हे मी वाटेत सांगून पाहिलं. खरं उचलायला दोन्ही हात लागतात. हे अण्णांनी एका हातात पेललं होतं. लोणावळा लोकलमध्ये दूधवाल्यांच्या रिकाम्या किटल्यांशेजारी ते गोणपाटात ठेवलं, तर तळेगावपर्यंत तिघांनी विचारलं, किती लिटरचं?

एवढं होऊनही मला त्यांना हसवत नव्हतं, ते गेल्या पावसाळ्यापर्यंत. त्याच कामशेतच्या दुकानात आम्ही उभे होतो. मुंबईचं एक जोडपं गाडी थांबवून आलं आणि तसलंच एक शिरस्त्राण बघायला लागलं. बाईंना ते खोटं वाटत होतं. भंगारवाल्यानं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि अण्णांकडे बोट केलं. “यांना विचारा की. नेव्हीतले साहेब आहेत.”

मी अण्णांकडे बघितलं. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, डोक्यावर कुठल्याशा जत्रेत घेतलेली निळी टोपी. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. मग शिरस्त्राणावर दोन टिचक्या मारल्या आणि मान डोलावली.

गृहस्थ एकदम अदबीनं उभे राहिले. “सर, तुम्ही स्वतः किती खोल गेला होतात?”

अण्णांनी धुक्यात हरवलेल्या डोंगराकडे नजर लावली.

“ते सांगायची आम्हाला परवानगी नसते.”