मिसकॉल द्या, पेढा घ्या

२०११ साली पुण्यातल्या एका डिजिटल एजन्सीत मी जाहिरातींचा मजकूर लिहायचो. एजन्सी लहानशी, पण व्हिजिटिंग कार्डावर 'इनोव्हेशन लॅब' असं ठसठशीत छापलेलं. ही लॅब म्हणजे पाण्याच्या फिल्टरशेजारचं टेबल. त्यावर दोन आयफोन, एक ब्लॅकबेरी आणि चार्जरच्या वायरींचा गुंता. अमेरिकेत रात्री काही नवं निघालं की सकाळी आमचे साहेब ते टेबलावर मांडून म्हणत, "हे आपल्याला करायचंय." कुणासाठी, ते मागाहून ठरे. त्या वर्षी साताऱ्याचे एक कंदी पेढेवाले काका आमच्या तावडीत सापडले.

काकांची मागणी साधी होती. दिवाळीच्या तोंडावर 'त्या इंटरनेटवर' पेढे दिसावेत. पत्ता, भाव आणि फोन नंबर टाकून एक वेबसाइट करून दिली असती तर आठवड्यात काम उरकलं असतं. पण तेवढ्यासाठी लॅब कशाला लागते?

पहिल्या मीटिंगला साहेबांनी बर्गर किंगची २००९ सालची करामत दाखवली. फेसबुकवरचे दहा मित्र काढून टाका, एक व्हॉपर फुकट मिळवा. वर त्या मित्राला निरोपही जायचा, की अमक्यानं बर्गरपायी तुझा बळी दिला. फेसबुकनं हरकत घेऊन ते थांबेपर्यंत दोन लाखांहून जास्त मैत्र्यांचा निकाल लागला होता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी तर 'पेढा की मैत्री?' अशी ओळसुद्धा लिहून नेली होती. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरगं पास झालं, नात झाली, गाडी घेतली, की आमच्याकडं पेढे न्यायला येतात. माणूस तोडला म्हणून पेढे वाटलेले मी तरी बघितले नाहीत."

मग फोरस्क्वेअर नावाचं अ‍ॅप. दुकानात गेलं की फोनवरून हजेरी लावायची. ज्याच्या हजेऱ्या जास्त, तो त्या जागेचा महापौर. सातारला नगरपालिका आहे एवढं सामान्यज्ञान मला असल्यामुळे मी लिहिलं, 'रोज पेढा खा, नगराध्यक्ष व्हा!' काकांनी आधी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "निवडणूक तोंडावर आलीय. ह्या पदापायी इथं काय काय चालतं ते तुम्हाला पुण्यात बसून कळायचं नाही. आमचं दुकान ह्यातनं वगळा."

शेवटी गाडी क्यूआर कोडवर आली. आज वडापावच्या गाडीवरही तो टांगलेला असतो, त्यामुळे तेव्हाची आमची धुंदी सांगून पटणार नाही. खरं तर ती चीजही नवी नव्हती. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या इंजिनिअरनं १९९४ सालीच मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो काढला होता. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांवरून यंत्राला कळतं की कोड इथं आहे आणि अमुक दिशेला आहे. त्या चौकोनांतल्या काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१ ठेवलंय, कारण छापील कागदांवर ते सहसा दुसरीकडे कुठे आढळत नाही. हाराबाबांनी त्यासाठी ढीगभर छापील मजकूर तपासला होता. आमच्या डिझायनरनं दहा मिनिटांत त्या चौकोनांचे तीन गोल पेढे केले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. कोडाभोवती मोकळी पांढरी पट्टी लागते. ती 'जागा खाते' म्हणून उडवली. कोड काळ्यावर पांढरा नको, मग पांढऱ्यावर काळाही नको. खरपूस पेढ्याचा तपकिरी रंग, आणि मागे खोक्याचा मरून. दिसायला राजेशाही. मधोमध काकांच्या वडिलांचा फेट्यातला फोटो. कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, असं कुठेतरी वाचून मीच ही सूचना केली होती. मी आणखीही हातभार लावला. कोडामागची लिंक मी दोन ओळींची दिली, कारण प्रत्येक गिऱ्हाईक कुठून आलं याचा हिशेब मला त्या लिंकमध्येच हवा होता. मजकूर जेवढा लांब तेवढे कोडातले ठिपके बारीक. आमचे ठिपके खसखशीएवढे झाले.

हा कोड लावला कुठे, तर खंबाटकी घाटातल्या होर्डिंगवर. तेव्हा साताऱ्याकडून पुण्याला येणारी वाहनं बोगद्यातून येत, जाणारी घाट चढून जात. "दिवाळीत घाट तुंबतो, तेव्हा लोक करणार काय? स्कॅन!" साहेबांचा हा मुद्दा बिनतोड होता. घाट तुंबलाही. पण तिथे नेटवर्क नव्हतं.

उद्घाटनासाठी आम्ही एक छोटा फलक घेऊन दुकानात गेलो. काकांच्या पुतण्याकडे नोकिया होता. कोड वाचायचं अ‍ॅप उतरवायला दोन चहा लागले. कोड काही वाचला जाईना. पुतण्या पुढे सरकला, मागे सरकला, स्टुलावर चढला. एक आजी फलकाकडे बघून म्हणाल्या, "ठिपक्यांची रांगोळी बरी काढलीया, रेघा ओढायच्या राहिल्यात." शेवटी मी लिंक हातानं टाइप केली. ती उघडली ती फ्लॅशमध्ये केलेली साइट, म्हणजे आयफोनवर कोरी पाटी. फ्लॅश बनवणाऱ्या अडोबीनंही मोबाइलवरच्या फ्लॅशवर पाणी सोडलं, पण ते दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरात. आम्हाला आधी कळवायला हवं होतं. लॅपटॉपवर मात्र सगळं झकास चाललं. मिशीवाला पेढा गडगडत आला आणि त्यानं डोळा मारला.

काकांनी विचारलं, "म्हणजे गिऱ्हाइकानं आधी अ‍ॅप घ्यायचं, मग फोन धरून उभं राहायचं, मग दिसणार काय? पेढा. तो इथं काचेत ठेवलाय की." आणि मग ते म्हणाले, "त्यापेक्षा मिसकॉल द्यायला सांगा."

साहेबांचा चेहरा पडला. मिसकॉलला लॅब लागत नाही. पण त्याच वर्षी अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिसकॉल देऊन पाठिंबा नोंदवला होता. बंगळुरूची झिपडायल कंपनी २०१०पासून याच्यावरच धंदा करत होती, पुढे २०१५मध्ये ट्विटरनं ती विकत घेतली. हे सगळं इंग्रजीत, स्लाइडवर मांडून दाखवल्यावर साहेबांना मिसकॉल पटला. काकांनी स्थानिक केबलवरच्या पट्टीचे पैसे भरले. 'मिसकॉल द्या, पाव किलोवर एक पेढा जादा घ्या!' ही माझ्या कारकिर्दीतली पहिली ओळ, जी कुणीही बदलली नाही.

तिच्यापुढचा नंबरही कुणी बदलला नाही. दहा आकडे पट्टीत मावतात का हे बघायला डिझायनरनं एखादा नंबर मागितला आणि तोंडपाठ असलेला एकच नंबर मी दिला. तो माझा होता.

सातारकरांना मिसकॉल ही भानगड पुण्यातल्या कुठल्याही लॅबपेक्षा नीट ठाऊक होती. पहाटे अभ्यंगस्नानाआधीपासून रिंग वाजून तुटायला लागल्या. मी एकेकाला एसएमएसनं जादा पेढ्याचं कुपन धाडत बसलो. दूरसंचार नियामक ट्रायनं २७ सप्टेंबरपासून एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली होती, ती मी फराळाआधीच संपवली. मग उत्तर आलं नाही म्हणून लोक खरा कॉल करू लागले. "कोरेगावला पोचवाल का?" "खवा म्हशीच्याच दुधाचा ना?" "कमी गोडाचे आहेत का?" सुरुवातीला मी 'राँग नंबर' म्हणायचो. पाडव्याला मी वहीत ऑर्डरी उतरवून घेत होतो.

त्या दिवाळीत पेढे चांगलेच खपले. साहेबांनी याची फिल्म करून एका पुरस्काराला पाठवली. तिच्यात माझा उल्लेख 'मानवी इंटरफेस' असा होता. काकांनी मात्र माझ्या नावानं ऑफिसात अर्ध्या किलोचं खोकं पाठवलं, सोबत चिठ्ठी, 'ऑर्डरी घेतल्याबद्दल.' साहेबांनी चिठ्ठी वाचली. क्लायंटकडून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एजन्सीचं १५ टक्के कमिशन असतं याची मला आठवण करून दिली, अर्ध्या किलोचे ७५ ग्रॅम होतात असा हिशेब करून तीन पेढे उचलले, आणि सर्व्हिस टॅक्स म्हणून चौथा.