चौदाव्या मजल्यावरची शेती

मिरा-भाईंदरचे जाहीर अभिनंदन. भातखाचरे गेली, टॉवर आले, तरी संयुक्त खताची मागणी काही हटली नाही. लिफ्टने वर गेली, एवढेच. मोगऱ्याच्या एका कुंडीसाठी 19:19:19चे किलोभर पाकीट मोबाइलवर मागवा, दारात हजर. आधार नको, अंगठा नको, सातबारा तर नकोच.

शेतकऱ्याचे लाड मात्र विचारू नका. 1350 रुपयांच्या डीएपीच्या पोत्यासाठी आधी रांग, मग पॉस मशीन. भेगाळलेला अंगठा मशीनला पटलाच, तर सोबत नॅनो खताची बाटली आणि न मागितलेले टॉनिक. याला ‘लिंकिंग’ म्हणतात. सरकार त्याला मनाई करते, दुकानदार ते निष्ठेने पाळतात (मनाई नव्हे, लिंकिंग). 2022 पासून अनुदानित पोत्यांवर ‘भारत’ हे एकच नाव असल्यामुळे टंचाईलाही राष्ट्रीय दर्जा लाभला आहे.

तेव्हा शासनाने शेतीच टॉवरमध्ये हलवावी: कांदा गॅलरीत, ऊस पार्किंगमध्ये. सोसायटीची ना-हरकत येईपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याने मिरा रोडला एक भाचा ठेवावा.

अशाच एका भाच्याने ऑर्डर टाकताना फोनवर विचारले, “मामा, कुंड्या किती?”

“अडीच एकर.”