काठावर नापास

रा. रा. चार पिक्सेल मोकळे सोडणारे डिझायनरसाहेब यांस,



आपलं नवं सॉफ्टवेअर पाहिलं. बटणांना गोलाई आली, मऊ सावल्या आल्या आणि प्रत्येक बटण पडद्याच्या कडेपासून चार पिक्सेल लांब, सोवळ्यात उभं राहिलं. कडेचा विटाळ होऊ नये म्हणून आपण घेतलेली काळजी बघून भरून आलं.

आपल्यासारख्या जाणकाराला पॉल फिट्स माहीत असणारच. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली लोकांच्या हातात कांडी देऊन दोन पट्ट्यांवर आलटून पालटून टोचायला लावलं. पट्टी जितकी दूर आणि अरुंद, तितका वेळ जास्त. 1978 साली झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी हाच नियम माऊसलाही लागू पडतो असं दाखवलं.

आता कडेचं बघा. माऊस कितीही जोरात ढकला, बाण कडेशी थांबतो. नेम नको, वेग आवरायला नको. म्हणजे कडेला टेकलेलं बटण हाताच्या हिशेबाने अमर्याद मोठं. कोपऱ्यातलं तर दोन्ही दिशांनी. ही फुकटात मिळालेली इस्टेट आपण चार पिक्सेलांसाठी सोडून दिलीत. हात थरथरणाऱ्या माणसाला आता सरळ कडेपर्यंत जाऊन, मग हळूच माघारी यावं लागतं. व्यायाम तेवढाच!

तसे आपण परंपरेतलेच. विंडोज 95 मध्ये स्टार्ट बटण कोपऱ्यात होतं, पण अगदी टोकाला क्लिक केलं तर ते ढिम्म; भोवतीची बारीक किनार आड यायची. पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारलं. मॅकिंटॉशचा मेन्यू मात्र 1984 पासून पडद्याच्या माथ्याला चिकटून आहे, आणि त्याचं सौंदर्य कुठे बिघडल्याचं ऐकिवात नाही.

मोबाइलवर अंतर ठेवा, त्याला हरकत नाही. तिथे बोट काठावरून घसरतं, आणि कडेवरून सरकवलं की फोनला भलतंच काही वाटतं. पण मोबाइलचं चित्र जसंच्या तसं संगणकावर आणून डकवायला डिझायनर कशाला हवा? (दोन मॉनिटर शेजारी असले की मधल्या कडेला बाण अडत नाही, हेही मान्य. बाकीच्या कडांनी काय गुन्हा केलाय?)

आणि उपाय तरी केवढा? बटण जागचं हलवायचंच नाही. फट दिसायला खुशाल दिसू द्या. फक्त क्लिक झेलणारी जागा कडेपर्यंत वाढवा. बटणाबाहेरच्या मार्जिनमधलं क्लिक बटणापर्यंत पोचत नाही, आतल्या पॅडिंगमधलं पोचतं. हे आपल्या टीममधल्या नवख्या पोरालाही ठाऊक असेल, त्याला विचारा.

पुढची आवृत्ती सोडण्याआधी डोळे मिटून माऊस कोपऱ्यात फेका आणि क्लिक करा. काही उघडलं नाही, तर कृपा करून ती सोडू नका.

कळावे,
नेम धरून मनगट दुखलेला आपला एक ग्राहक