दुधी काच बदलण्याचा शास्त्रोक्त विधी

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याची मागची दुधी काच फुटली, की ती कोणी फोडली याची चौकशी करू नये. हॉलच्या मधोमध तीन पाय पसरून उभा राहणारा, सणासुदीला जेमतेम एक फोटो काढणारा आणि एरवी केरसुणीला आडवा येणारा लाकडी कॅमेरा फोडायला घरातल्या प्रत्येकापाशी सबळ कारण असतं. भिंग वाचलं, काचेवर निभावलं, ही पूर्वजांची पुण्याई समजावी.

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात नेऊ नये. तिथला गृहस्थ तो हातात घेतो, ‘हा कुठून पैदा केलात?’ विचारतो आणि शेजारच्या दुकानदारांना बघायला बोलावतो. चहा येतो. काच येत नाही.

तेव्हा थेट फोटो फ्रेमवाल्याकडे जावं आणि २ मिलिमीटर जाडीची साधी काच मागावी. फ्रेमवाला चेहरा पाडून हळूच ‘कोण?’ असं विचारेल. ‘कॅमेऱ्यासाठी हवी आहे’ म्हटलं तरी त्याच्या तोंडून सवयीने ‘वय काय होतं?’ निघून जाईल. खरं सांगून टाकावं: पंच्याहत्तर. काच चौकटीपेक्षा लांबी-रुंदीत मिलिमीटरभर लहानच कापून घ्यावी. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि नेमकी बसवलेली काच श्रावणात आपोआप तडकते. चारही कोपरे थोडे छाटून घ्यावेत. भाता मिटताना आतली हवा तिथून बाहेर पडते, शिवाय त्या फटीतून डोकावून भिंगाचं छिद्र पूर्ण दिसतं का, म्हणजे फोटोचे कोपरे काळे पडणार नाहीत ना, हेही पाहता येतं.

बाथरूमच्या खिडकीची दुधी काच आयतीच आहे की, असं सुचवणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. त्याला जेवायला बसवावं. ती काच आतलं दिसू नये म्हणून केलेली असते. तिच्यावर फोकस तपासायचा लूप लावला तर चेहऱ्याऐवजी काचेचे दाणेच दिसतात.

आता मुख्य विधी, म्हणजे साधी काच घासून दुधी करणं. हार्डवेअरच्या दुकानातून कार्बोरंडमची पूड आणावी, आधी ३२० नंबरची आणि मग ६००ची. पुण्यात एखाद्या हौशी खगोलप्रेमीची ओळख असेल तर त्याच्या घरी ती डब्यांनी सापडेल. दुर्बिणीचा आरसा याच पुडीने घासतात आणि पूड नेहमी आरशापेक्षा जास्त उरते. काच ओल्या फडक्यावर सपाट ठेवावी. पोळपाटावर नव्हे. चिमूटभर पूड, चमचाभर पाणी, आणि वर काचेचाच एक लहान तुकडा, ज्याच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आहेत. तो हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायचं. सुरुवातीला असा खरखराट होतो की शेजारच्या काकू दार वाजवतात. मग पूड बारीक होत जाते, राखाडी चिखल होतो आणि आवाज सुळसुळ येऊ लागतो. आवाज मऊ झाला की चिखल पुसावा, काच उजेडासमोर तिरपी धरावी आणि कुठे चमक राहिली आहे ते पाहावं. कोपरे शेवटपर्यंत चमकत राहतात, कारण हात मध्येच रमतो. ३२०चा कणही न ठेवता सगळं धुऊन मग ६००. चिखल स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये. प्लंबरला कारण सांगणं अवघड जातं.

आता बसवणं. यापुढची चार वाक्यं गंभीरपणे घ्यावीत. घासलेली बाजू भिंगाकडे असली पाहिजे. ती बाहेर आली तर जाड काचेमुळे फोकस सुमारे १.३ मिलिमीटर चुकतो. तुम्ही २१० मिलिमीटरच्या भिंगाने, दोन मीटरवर बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर फोकस करता आणि फोटोत कान स्पष्ट येतात. नातेवाईक म्हणतात, फोटो छान आहे, पण आजोबा जरा हरवल्यासारखे वाटतात.

घासलेला पृष्ठभाग नेमका तिथेच हवा, जिथे होल्डरमध्ये फिल्म बसते. ४×५ इंची होल्डरसाठी ही खोली प्रमाणित आहे: ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर, ०.००७ इंच इकडेतिकडे. फिल्मची जाडी साधारण ०.००७ इंच धरली तर काच ०.१९० इंचावर यायला हवी. अलेप्पीच्या वागीश्वरीसारखा जुना हाफ प्लेट कॅमेरा असेल तर प्रमाण विसरा. स्वतःचे सगळे होल्डर फिल्म घालून व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने मोजा. काच भिंगाच्या फार जवळ येत असेल तर तिच्याखाली झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या घाला. एक पट्टी म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर. फ्रेनेल भिंग लावायचं असेल तर ते काचेच्या मागे, आपल्या डोळ्याच्या बाजूला लावा. पुढे लावलंत तर केलेली मोजमापं वाया गेली.

परीक्षेसाठी शिंप्याची टेप टेबलावर तिरपी पसरावी, छिद्र पूर्ण उघडून ३०च्या आकड्यावर फोकस करावा आणि एक फिल्म खर्ची घालावी. ३०च स्पष्ट आला तर काच धरणाऱ्या क्लिपांचे स्क्रू हलकेच आवळा. जवळचा आकडा आला तर पट्टी वाढवा, लांबचा आला तर काढा. अंधाऱ्या कापडात डोकं घालून बसल्यावर घरातून कोणी ‘अजून झालं नाही का?’ विचारेल. उत्तर देऊ नये.

बाजारात तयार काच मिळते, आपण घासलेल्या काचेपेक्षा ती बहुधा उजळही असते. पैसे असतील तर खुशाल घ्या. तुमच्या होल्डरची खोली मात्र ती विकणाऱ्याला ठाऊक नसते. ती तुम्हालाच मोजावी लागेल.