डोहाला शिसं चारण्याची सोपी रीत

सूर्या नदीचं पाणी दुधाच्या चहावरून कोऱ्या चहावर आलं की समजावं, मासे धरायचा मोसम सरत आला. हळवं भात कापून झालेलं असतं, गरवं अजून उभं असतं आणि रात्री कुठल्या तरी पाड्यावरून तारपा ऐकू येतो. नेमक्या याच दिवसांत सायवनला नव्याने आलेला माणूस, मग तो मास्तर असो, बँकेतला साहेब असो की माझ्यासारखा रिकामटेकडा, नदीवर जायचं ठरवतो. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. जाणत्यांनी वाचू नये. ते हसतील आणि मासे बुजतील.

आधी साहित्य. सगळ्यात पहिल्यांदा अमेरिकेत एक भाचा असावा लागतो. माझा मिनेसोटात आहे. तिथे वॉलाय नावाच्या माशाला १९६५ पासून राज्याच्या माशाचा मान आहे. (आपण तो मान पापलेटला दिला, २०२३ मध्ये. पण पापलेट पडला समुद्राचा, सातपाटीकरांचा. त्याचा सायवनला काय उपयोग?) वॉलायचे डोळे उजेड पडला की मांजरासारखे चमकतात आणि गढूळ पाण्यातही त्याला चांगलं दिसतं. सॉगर हा त्याचा चुलतभाऊ, जरा मळकट, जरा जास्त खोलातला. थंडी लागली की नदीतली ही भावकी बंधाऱ्याखालच्या खोल पाण्यात तळाला जाऊन बसते आणि तिकडचे लोक तिला जिगने धरतात. जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. मागे पिसांची नाही तर रबराची शेपटी. तंगूस डोक्याच्या वरच्या बाजूला बांधतात, म्हणून गळाचं टोक आभाळाकडे राहतं. तळाशी अडकू नये म्हणून ही युक्ती, असं भाच्याने फोनवर सांगितलं. भाच्याने सूर्येचा तळ पाहिलेला नाही.

त्याने एक डझन जिग पाठवले, सहा पिवळ्या शेपटीचे आणि सहा लाल. पुढचा हिशेब या बारांचाच आहे.

तंगूस डहाणूच्या बाजारात मिळतो. काठीचं म्हणाल तर इकडे बांबूला तोटा नाही. तरीही नवशिक्याने रीळ लावलेली, चकचकीत, पिशवीतून निघणारी काठीच घ्यावी. ती पाहायला पोरं जमतात. प्रेक्षक नसतील तर फजितीला काय किंमत!

आता जागा. सायवनहून इको धरून कासा गाठायचं आणि नदीला लागायचं. धार जिथे खडकाला वळसा घालते आणि फेस जरा रेंगाळतो, तिथे खाली डोह असतो. पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत चढलेले मासे पाणी ओसरलं की इथेच परततात. वरच्या अंगाला धामणीचं धरण आहे, त्याच्या खाली कवडासचा बंधारा. वरून पाणी सोडलं की उभा खडक बघता बघता बेट होतो. यात मात्र चेष्टा नाही. काठावरची काडी पाण्याला लागलेली दिसली की काठी, डबा, चपला तिथेच टाकून वर या.

मग मुख्य विद्या. जिग तळाला जाऊ द्यायचा. तंगूस सैल पडला की पोचला. काठी वीतभर उचलायची, परत खाली न्यायची, पण तंगूस ताठ ठेवून, कारण मासा बहुधा जिग खाली येतानाच तोंड घालतो. हे सगळं बोटांनी ऐकायचं असतं. ‘टक्’ आवाज झाला की दगड. काहीच न होता वजन हळूहळू वाढलं तर खेकडा. ओढल्यावर जरा येतं आणि परत जातं, ते झाडाचं मूळ. उसने पैसे मागायला आलेल्या माणसासारखी दोनदा हलकी टकटक झाली, तर मासा. पहिल्या अर्ध्या तासात मला दगड तीनदा भेटले आणि मूळ एकदा. चार जिग गेले. चारही वेळा मी ‘मोठा आहे, मोठा आहे’ असं ओरडत काठी कमानीसारखी वाकवली होती. शेजारच्या खडकावर बसलेला दहा-अकरा वर्षांचा पोरगा एकदाच बोलला, “काका, मासा नाय, दगड हाय.”

त्या पोराकडे बांबूची काठी होती आणि नारळाच्या करवंटीत गांडुळं. त्याच्याकडे पाहू नका. नवशिक्याने शेजाऱ्याची करवंटी मोजू नये, जीव खचतो.

पाचव्या जिगला टकटक झाली आणि खरंच मासा आला. बोटभर मिशांची, वीतभर लांबीची शिंगटी. इथे नवशिका आनंदाने मासा मुठीत धरतो. धरू नका. तिच्या पाठीवर एक काटा असतो आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक, करवतीच्या दात्यांचा. ती हे काटे ताठ करते, कर्रकर्र आवाज काढते आणि मग आवाज तुम्ही काढता. पोराने माझा हात बाजूला केला, पाठीवरच्या काट्याच्या मागे अंगठा आणि दोन बोटं सरकवली, कल्ल्याजवळचे काटे बोटांच्या बेचक्यात अडकवले आणि दुसऱ्या हाताने गळ उलटा फिरवून काढला. शर्टाचं बटण काढायला लागतो तेवढा वेळ. मिनेसोटाहून आलेल्या पार्सलच्या टपालखर्चात मला किलोभर पापलेट खाता आला असता, हे तेव्हाच लक्षात आलं.

मरळाबद्दल थोडकंच सांगतो. त्याला नुसत्या पाण्यावर श्वास पुरत नाही, हवा घ्यायला तो मधून मधून वर येतो. वर बुडबुडा फुटला की खाली मरळ आहे, हे आपल्याला कळतं. वर आपण आहोत, हे त्यालाही तेव्हाच कळतं. पाच ते नऊ क्रमांकाचे जिग या ओळखीत खर्ची पडले.

दहावा गेला की कोणी तरी सल्ला देतोच, गेळफळं कुटून डोहात टाका, नाही तर जिलेटीनची कांडी आणा. पाण्यात विष कालवायला आणि स्फोट करायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. शिवाय त्याने पिल्लंसुद्धा मरतात. पुढच्या साली जिग मग कोणाला दाखवणार?

त्यापेक्षा जिव्या सोमा म्हसे यांचं जाळ्याचं चित्र पाहा. याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे ते, २०११ चे पद्मश्री. पांढऱ्या रेघांनी विणलेलं जाळं चित्रभर पसरत जातं आणि त्याच्यापुढे माणूस मुंगीएवढा. मी पाहिलं, पण अकरावा जिग घालवल्यावर.

बारावा घराच्या किल्लीला लावला आहे, टोकावर रबर बसवून.

बाकीच्यांचा तपास वैशाखात लागला. डोह कमरेएवढा झाला होता. त्याच पोराने बुड्या मारून सात जिग वर काढले. मला वाटलं, परत देईल. त्याने गळ पकडीने तोडले, शिसं दगडावर ठेचून चपटं केलं आणि आज्याच्या पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेला जिथे शिशाच्या गोळ्या गळून गेल्या होत्या तिथे बसवलं. पाग आता झटकन तळाला जातो म्हणतात. पहिल्या फेकीतल्या दोन शिंगट्या पानात गुंडाळून माझ्या घरी आल्या होत्या, साफ केलेल्या, काटे मोडून.

चार जिग अजून खालीच आहेत, दोन पिवळे, दोन लाल. उन्हाळ्यात तिकडे गेलात आणि सापडले, तर सायवनच्या नाक्यावर चहाच्या टपरीत ठेवा, मी घेऊन जाईन. फक्त अनवाणी उतरू नका. गळाचं टोक वरच असतं.